पॉइंट सहा

ही गोष्ट खरी आहे. मला बनवता आली असती, तर शेवट तरी वेगळा केला असता.

जिच्याबाबतीत ती घडली, ती माझी सख्खी आत्या. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही. माझाही नाही. आम्ही दोघी विज्ञान शिकलेल्या, पुरावा मागणाऱ्या बायका. पण हे सगळं एका बैठकीत सांगून ती गप्प झाली, तेव्हा मी पुरावा मागितला नाही.

रात्र नव्हती. वारा नव्हता. दिवे गेले नव्हते.

रविवार होता. दुपारचे दोन वाजायला आले होते, आणि हॉस्पिटलच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत सगळ्या ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या.

आत्या तिथे रक्तातल्या पेशी मोजते. एकतीस वर्षं झाली.

पूर्वी त्या खोलीत चौघीजणी असायच्या. चार मायक्रोस्कोप, चार स्टुलं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, त्याला रंग द्यायचा आणि एकेक पांढरी पेशी डोळ्यांनी टिपायची. हाताशी बटणांचं छोटं यंत्र असायचं. पेशी दिसली की बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजायची.

"माझे शंभर भरले गं!" एखादी ओरडायची, आणि बाकीच्या तिघी म्हणायच्या, "चला, एक कटकट गेली!"

मग मोजणीचं मशीन आलं. बाटली लावली की मिनिटभरात आकडा. चौघींच्या तिघी झाल्या, तिघींच्या दोघी. आता एका पाळीला एकच जण. दुपारी एक ते रात्री आठ, आत्या.

रक्ताचे नमुने घेऊनही कुणी येत नाही. भिंतीतून हवेची नळी बसवलीय. वॉर्डातून छोटी बाटली डब्यात घालून सोडतात, ती खाली टोपलीत येऊन पडते.

धप्प.

बस्स. तेवढाच आवाज. सात तासांत माणसाचं तोंड दिसत नाही.

"मशीन गुणी आहे," आत्या म्हणायची. "चहा मागत नाही, रजा मागत नाही, सुनेच्या कागाळ्या सांगत नाही."

मग जरा थांबून म्हणायची, "कागाळ्या तरी सांगायला हव्या होत्या मेल्यानं."

आत्यानं लग्न केलं नाही. घरीही ती एकटीच असते. एवढ्यावरून काय ते समजा.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मशीन रक्त *पाहत* नाही. त्याच्यात एक अगदी बारीक भोक असतं. पातळ केलेलं रक्त त्या भोकातून ओढलं जातं. एखादी पेशी गेली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, आणि मशीन एक मोजतं. काहीतरी गेलं, एवढंच त्याला कळतं.

काय गेलं, ते कळत नाही.

रक्ताची गुठळी गेली तरी ते मोजतं. हवेचा बुडबुडा गेला तरी मोजतं. म्हणून आत्याला ज्यांनी हे काम शिकवलं, त्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मशीनला भोक आहे, डोळा नाही. काचपट्टीवर स्वतः बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही."

एकतीस वर्षांत आत्यानं हा नियम एकदाच मोडला.

त्या रविवारी.

सातव्या मजल्यावर एक काचेची खोली आहे. ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी उरलेल्याच नाहीत, त्यांना तिथे ठेवतात. साधी सर्दीसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते. म्हणून भेटायला कुणी नाही. जवळ कुणी नाही. दोन दारं, मध्ये छोटी मोकळी जागा. आतलं दार उघडून कुणी गेलं-आलं की वर हिरवा दिवा लागतो.

त्या वेळी तिथे एक क्रेनवाला होता. पन्नाशीचा. बंदरावरची मोठी क्रेन चालवायचा. त्याच्या भावाची बोन मॅरो काढून त्याला दिली होती. ती रुजली तर पेशी पुन्हा तयार होणार. नाही रुजली, तर...

त्याची आणि आत्याची ओळख फोनवर झाली. चुकून.

"स्वयंपाकघर का? आज जेवणात मीठच नाही हो."

"हे स्वयंपाकघर नाही. प्रयोगशाळा आहे. इथे रक्त असतं."

"मग रक्तात तरी मीठ आहे का बघा. माझंच असेल. सातवा मजला, काचेची खोली."

आत्या हसली. त्या खोलीत आपण कधी हसलो होतो शेवटचं, हे तिला आठवेना.

"ताई, तुम्हीच मोजता का? मग सांगा की. आज किती?"

आकडा डॉक्टरांनीच सांगायचा, असा नियम आहे. पण आवाज इतका साधा होता, की तिनं सांगून टाकलं.

"शून्य."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, दादा."

"बरं. उद्या विचारतो."

आणि त्यानं विचारलं. रोज दुपारी दोनला. दीडला त्याची बाटली टोपलीत पडायची, दोनला फोन वाजायचा.

"आज किती, ताई?"

"शून्य."

"तब्येत सुधारतेय म्हणजे शून्याची."

मग दोन-चार मिनिटं इकडचं तिकडचं. वीस वर्षं तो जमिनीपासून चाळीस मीटर वर, काचेच्या केबिनमध्ये एकटा बसला होता. "ही खोली मला नवीन नाही," तो म्हणायचा. "फक्त इथून काही उचलता येत नाही."

त्याला एकच भाऊ. धाकटा. दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. वडील गेले तेव्हा हा क्रेनवर होता. खालून दिलेला निरोप वरपर्यंत पोचलाच नाही. पाळी संपवून उतरला, तोवर सगळं उरकलं होतं. भावाला वाटलं, मुद्दाम उतरला नाही. तेव्हापासून अबोला.

"तरी मॅरो दिली की त्यानं," आत्या म्हणाली.

"दिली. खालच्या मजल्यावर झोपून दिली आणि घरी गेला. काचेपाशी आला नाही. येईल म्हणा. रक्त वर आलं की येईल."

मॅरो दिल्यापासूनचा एकविसावा दिवस रविवार होता.

दीड वाजता बाटली पडली. धप्प. आत्यानं लेबल वाचलं, बाटली हलवली, मशीनला लावली. आणि पडद्याकडे न बघताच हात धुवायला गेली. शून्यच असणार होतं.

परत आली तर...

०.६

मशीन हजारांत आकडा देतं; म्हणजे एका सूक्ष्म थेंबात सहाशे पेशी. निरोगी माणसाला चार हजार तरी असतात. पण वीस दिवसांच्या शून्यानंतर सहाशे म्हणजे दिवाच लागला म्हणायचा!

तेवढ्यात फोन वाजला.

"आज किती, ताई?"

आणि तिच्या तोंडून गेलं...

"पॉइंट सहा!"

पलीकडून तो म्हणाला, "तरीच."

"तरीच काय?"

"सकाळपासून भाऊ येऊन बसलाय इथे."

आत्याला आनंदच झाला. आत सोडलं वाटतं, असं म्हणत तिनं फोन ठेवला, आणि काचपट्टीवर रक्त ओढलं. रंग दिला. मायक्रोस्कोपखाली धरली.

एका कडेपासून सुरुवात केली. वर, बाजूला, खाली, बाजूला. शेतात औत फिरवावं तशी.

लाल पेशी. लाल पेशी. लाल पेशी.

पांढरी एकही नाही.

दुसरी पट्टी केली. तिसरी केली. पाऊण तास तिनं डोळा उचलला नाही. सहाशेच्या हिशोबानं पट्टीवर दहा-वीस तरी दिसायला हव्या होत्या.

एक नाही.

गुठळ्या नाहीत. बुडबुडे नाहीत. थंडीनं रक्तात काही साकळलं असेल म्हणून तिनं बाटली कोमट पाण्यात ठेवून पुन्हा लावली.

०.६

मशीनमधून नुसतं पाणी फिरवलं.

०.०

दुसऱ्या पेशंटचं रक्त लावलं. मशीन आणि डोळा, दोघांचं बरोबर जुळलं.

पुन्हा क्रेनवाल्याचं लावलं.

०.६

आता नीट ऐका, कारण इथे मला स्वतःला घाम फुटला होता.

एकच रक्त दहा वेळा मोजलं, तर दहा वेळा एकच आकडा येत नाही. येऊच शकत नाही. एकदा ०.५, एकदा ०.७, मधेच ०.६. त्या भोकातून दर खेपेला थोड्या कमी-जास्त पेशी जाणारच. खरी मोजणी नेहमी थोडी थरथरते.

आत्यानं ते रक्त दहा वेळा लावलं.

०.६

०.६

०.६

दहाही वेळा.

जणू पेशी जातच नव्हत्या. जणू दर वेळी तेच... तेवढंच... काहीतरी जात होतं.

तिनं कागदावर शून्य लिहिलं. डोळ्यांना शून्य दिसलं, म्हणून शून्य. मग काळजावर दगड ठेवून सातव्या मजल्यावर फोन लावला. दिलेला आकडा परत मागायला.

फोन वॉर्डातल्या सिस्टरनं उचलला.

"क्रेनवाल्यांना द्या जरा. आणि त्यांचा भाऊ आलाय ना, तो नीट मास्क लावून बसलाय का बघा."

"भाऊ?" सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. "बाई, भाऊ कुठला? तो गेला ना."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे... गेला हो. बुधवारी. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. त्याच्या बायकोनं हात जोडून सांगितलंय, रक्त वर येईपर्यंत यांच्या कानावर घालू नका. आत कुणी नाहीये. सकाळपासून मीच आहे इथे."

आत्यानं फोन ठेवला.

खोलीत मशीनचा पंखा घूं घूं करत होता. दुसरा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोनला फोन आला. तिला उचलवेना. सातव्या घंटीला उचलला.

"दादा, कालचा आकडा चुकला. माझीच चूक. काचेवर काही नव्हतं."

"पण मशीननं मोजलं ना?"

"मशीन काहीही मोजतं."

"असं कसं," तो समजुतीनं म्हणाला. "काहीतरी गेल्याशिवाय ते मोजत नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

आत्यानं कालची काचपट्टी पुन्हा एकदा उजेडाला धरली.

"बसलाय अजून," तो म्हणाला. "पायथ्याच्या खुर्चीवर. माझ्याकडे पाठ करून. बोलत नाही. अकरा वर्षं बोलला नाही तो आता काय बोलणार? पण बसलाय."

तापात माणसाला भास होतात. आत्यानं मनाला तसं सांगितलं. सिस्टरला ताप विचारला.

ताप नव्हता.

मंगळवारी ०.६. बुधवारी ०.६. काचपट्टीवर रोज शून्य.

गुरुवारी मशीन दुरुस्त करणारा इंजिनिअर आला. त्यानं भोक साफ केलं, नळ्या बदलल्या, ठरावीक नमुने लावून सगळं तपासलं.

"मॅडम, मशीन एक नंबर आहे. चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"हे एक रक्त लावून दाखव," आत्या म्हणाली.

त्यानं लावलं. मग पुन्हा लावलं. चौथ्या वेळी त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. सहाव्या वेळी त्यानं हत्यारं पेटीत भरली.

"इतकं अचूक मशीन नसतं, मॅडम," तो दाराशी जाऊन म्हणाला. "कुठलंच नसतं."

जाताना त्यानं सहीसुद्धा केली नाही.

त्याच संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांचा फोन.

"बाई, मशीन म्हणतं पॉइंट सहा. तुम्ही लिहिता शून्य. मी कुणाचं खरं मानू?"

"माझं."

"तुमचं खरं असेल तर त्याचा अर्थ कळतोय ना? रविवारी अठ्ठावीस दिवस होतात. तोवर एकही पेशी दिसली नाही, तर मॅरो रुजली नाही असं धरायचं. पुन्हा घ्यायची, तर देणारा भाऊ राहिला नाही. दुसरं कुणी जुळत नाही. तुम्ही पॉइंट सहा लिहिलंत तर मी अजून थांबू शकतो."

आत्या म्हणते, इतका मोह आयुष्यात झाला नव्हता. एक आकडा. फक्त खरा नसलेला एक आकडा. आणि तोही तिचा नाही, मशीनचाच!

"जे दिसत नाही ते लिहिणार नाही, डॉक्टर."

त्या रात्री ती घरी गेली तर कुलूप उघडायला हात उचलेना. हे सांगायचं कुणाला? माझा नंबर तिनं दोनदा काढला आणि दोनदा फोन बाजूला ठेवला. हे ती मला फार नंतर म्हणाली. ते ऐकून मला आजही कसंतरी होतं.

शुक्रवारी ०.६. शनिवारी ०.६.

शनिवारी फोनवर तो म्हणाला, "ताई, रविवारी काय ते ठरणार आहे म्हणे. घाबरू नका. तुम्ही खरं तेच सांगा."

म्हणजे धीर *तो* देत होता.

"भाऊ... आहे का अजून?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं.

"आहे ना. काल तुमच्याबद्दल सांगितलं त्याला. म्हटलं, खाली एक ताई आहे, ती रोज मोजते. ऐकतो तो सगळं. मान किंचित वळते."

अठ्ठाविसाव्या दिवशी आत्या एक वाजता खाली गेलीच नाही.

ती आधी सातव्या मजल्यावर गेली. ज्याला रोज शून्य सांगितलं, त्याचं तोंड निदान एकदा बघावं म्हणून.

रविवारची दुपार. लांबलचक पॅसेज. सिस्टर नमुना काढून तो नळीत सोडायला टोकाशी गेली होती. काचेसमोर आत्या एकटी.

आत पलंगावर एक रोड, केस गेलेला माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

पायथ्याशी खुर्ची.

राखाडी रेक्झिनची साधी खुर्ची. पाठ पलंगाकडे केलेली.

रिकामी.

आत्याला बरं वाटलं. उगाच एक श्वास सुटला. आणि मग तिचं लक्ष खुर्चीच्या बैठकीकडे गेलं...

बैठक दबलेली होती.

मध्यभागी खोल. कडांना रेक्झिन ताणून चकचकीत झालेलं. कुणीतरी वजनदार बसलं की होते तशी.

जुनी खुर्ची आहे, तिनं स्वतःला सांगितलं. फोम बसला असेल.

ती बघत राहिली.

आणि ती बघत असतानाच... बैठक हळूहळू वर आली.

सावकाश. सुरकुत्या एकेक करून मिटत गेल्या. कुणीतरी गुडघ्यांवर हात टेकून उठावं, तशी. शेवटी ती अगदी सपाट झाली.

पलंगावरचा माणूस झोपेतच कुशीवर वळला. खुर्चीकडे.

मग आतल्या दारावरचा हिरवा दिवा लागला.

दार हललं नाही.

दिवा तीन-चार क्षण जळला... आणि विझला.

आत्या म्हणते, त्या क्षणी तिच्या डाव्या खांद्याला गार काही लागलं नाही, आवाज आला नाही, केस हलले नाहीत. लोक हेच विचारतात. तसलं काही झालं नाही. फक्त पॅसेज एकदम फार रिकामा वाटला. आणि मग वाटलं, तेवढा रिकामा नाहीये.

ती जिन्यानं खाली आली. सात मजले. लिफ्टमध्ये शिरायची हिंमत झाली नाही.

टोपलीत बाटली पडलेली होती.

तिनं ती मशीनला लावली. या वेळी हात धुवायला गेली नाही. पडद्यासमोर उभी राहिली.

०.१

तिनं डोळे चोळले. पुन्हा लावली.

०.०

पुन्हा.

०.१

०.२

०.१

आकडा थरथरत होता.

आत्यानं काचपट्टी ओढली. घाईत पहिल्या दोन फुकट गेल्या. तिसरी जमली. रंग सुकेपर्यंत ती त्या पट्टीवर फुंकर घालत राहिली, लहान मुलीसारखी.

वर, बाजूला, खाली, बाजूला.

लाल पेशी. लाल पेशी. लाल...

होती.

एक. गोल, ठसठशीत, आत जांभळ्या रंगाचे तीन जोडलेले तुकडे. अंगात रोगाशी पहिल्यांदा लढायला जाते, ती पेशी. तरुण, ताजी. भावाच्या मॅरोतून जन्मलेली.

तासाभरात तिला सात सापडल्या. प्रत्येकीला तिनं मोठ्यानं आकडा दिला. खोलीत कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं.

मोठ्या डॉक्टरांना फोन केला. "दिसल्या," एवढंच म्हणाली.

मग दोनचा फोन वाजला. घड्याळात साडेतीन झाले होते. तो पहिल्यांदाच उशिरा करत होता.

"झोप लागली होती हो. आज किती, ताई?"

"पॉइंट एक," ती म्हणाली आणि रडली. "पण दिसल्या, दादा. मी स्वतः बघितल्या. सात."

"तो उठून गेला, ताई," तो शेवटी म्हणाला. "रागावून नाही गेला."

पुढचे दिवस आकडा वर चढत गेला. ०.२, ०.४, ०.३, ०.७. एक दिवस पुढे, अर्धा दिवस मागे. जिवंत माणसाचा आकडा जसा असतो तसा. डोळा आणि मशीन रोज जुळत होते.

एकाच्या वर गेला तेव्हा भावाची बायको काचेपाशी आली आणि तिनं आपल्या नवऱ्याचं काय झालं ते थोरल्याला सांगितलं. सांगताना तिची गडबड उडाली. तो मात्र शांत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "जिवंतपणी तो माझ्यापाशी इतका वेळ बसलाच नसता."

दीड महिन्यानं त्याला घरी सोडलं. जायच्या दिवशी तो मास्क लावून, काठी टेकत, तळघरात आला. कित्येक महिन्यांत आत्याला भेटायला त्या खोलीच्या दारातून आत आलेला पहिला माणूस.

आत्यानं त्याला स्टूल दिलं. चहा केला. त्यानं मशीन बघितलं, मायक्रोस्कोपला डोळा लावून बघितलं, "यातलं मला काही कळत नाही, पण छान आहे," म्हणाला. दोघं हसले. आत्याला वाटलं, आता हा जाणार. उद्या दोन वाजता फोन वाजणार नाही.

त्यालाही तेच वाटलं असावं.

"एक सांगायचं राहिलं," तो उठता उठता म्हणाला. "सांगावं की नाही, कळत नव्हतं."

"सांगा की."

"तो जायच्या आधी बोलला. एकदाच. त्या रविवारी, मला डोळा लागता लागता. मी म्हटलं ना, त्याला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. रोज मोजते, रविवारीही असते, कुणी येत नाही-जात नाही..."

आत्या ऐकत होती.

"त्यानं विचारलं, 'ती मोजणारी बाई खाली एकटीच असते का?'"

मशीनचा पंखा घूं घूं करत होता.

"मी काय बोलणार? म्हटलं, हो. एकटीच असते."

"मग?"

"मग तो उठला."

क्रेनवाला बरा आहे. पुन्हा क्रेनवर चढला नाही, खालीच काम करतो. आत्या अजूनही त्याच तळघरात, त्याच पाळीला आहे. बदलीचा अर्ज कर म्हणून मी तिच्या मागे लागले. तिनं केला नाही.

मागच्या महिन्यात मी तिला घ्यायला हॉस्पिटलात गेले होते. तिचं आवरेपर्यंत बसून होते. दिवे लख्ख होते. सगळं जागच्या जागी होतं. वेळ जावा म्हणून मी म्हटलं, "आत्या, मशीन बरोबर चालतंय का बघायला तुम्ही लोक कधी कधी स्वतःचंच रक्त लावून बघता ना? माझं लाव की. आणि तुझंही लाव, बघू तुझं किती येतं."

तिनं माझं लावलं. सहा पूर्णांक एक. पुन्हा लावलं, पाच पूर्णांक नऊ.

"आता तुझं," मी म्हटलं.

"माझं नको."

"का गं?"

तिनं मशीनवर कापडाचं आवरण घातलं. कडा नीट खाली ओढल्या. आणि माझ्याकडे न बघता, अगदी सहज, समाधानानं म्हणाली...

"राहू दे. चाललंय आमचं बरं."